ध्वनिक्षेपक, नग दोन

बाळूकाका आणि त्यांचे दादा यांच्यात वाटणीच्या वेळी भांडण झालं नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. भांडलेले भाऊ कधी ना कधी भेटतात. कोणीतरी मध्ये पडतं, कोणीतरी आजारी पडतं, अगदीच काही नाही तर कोर्टाच्या पायरीवर तरी गाठ पडते. या दोघांनी वाटणीच इतकी चोख केली की नंतर भेटायला कारण म्हणून उरलं नाही.

दादा ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. बाळूकाका बांधकाम खात्यात आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे, आणि निवृत्तीला दीड वर्ष बाकी. एकाला चुकलेली बेरीज खपत नाही आणि दुसऱ्याला चुकलेली रेघ. वडिलांच्या मागे सहा खुर्च्या होत्या, त्या तीन-तीन झाल्या. बारा कपबश्या सहा-सहा झाल्या. शब्दकोशाचे चार खंड होते, त्यातला पहिला आणि तिसरा दादांकडे गेला, दुसरा आणि चौथा बाळूकाकांकडे आला, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत निम्म्या शब्दांचे अर्थ कोणालाच ठाऊक नाहीत. राहिला वडिलांचा गाण्याचा संच. तबकड्या वाजवायचं यंत्र दादांना. त्याचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर बाळूकाकांना. आणि कमरेला लागतील असे दोन थोरले सागवानी स्पीकर, डावा दादांना, उजवा बाळूकाकांना. वाटणीपत्रात त्यांची नोंद 'ध्वनिक्षेपक, नग दोन, प्रत्येकी एक' अशी आहे. "असे भाऊ मी पाहिले नाहीत," वकील म्हणाला. तो कौतुकाने म्हणाला असं दोघांनाही वाटलं.

त्या दिवसापासून अकरा वर्षं दोन्ही घरांत गाणं वाजलं नाही. कसं वाजणार? एकीकडे तबकडी नुसतीच गरगर फिरायची, दुसरीकडे अँप्लिफायरचा दिवा नुसताच लागायचा. घरं एकाच गावात, चालत वीस मिनिटांवर. पण सगळं मिटलेलं. देणं नाही, घेणं नाही, सही राहिलेली नाही. कुठे लग्नाबिग्नात समोरासमोर आले की "बरं आहे ना?" "बरं आहे." एवढ्यावर काम भागायचं.

आणि बाळूकाकांना दादांची फार आठवण यायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही, पण काकूंना माहीत होतं. अडचण एवढीच की छप्पन्न वर्षांच्या माणसाने सत्तरीकडे झुकलेल्या भावाच्या दारात नुसतंच जाऊन उभं राहायचं म्हणजे काय? "का आलास?" असं त्याने विचारलं तर सांगायचं काय? आठवण आली म्हणून? ऑडिटवाल्या माणसाला असलं कारण चालत नाही. त्याला कागद लागतो.

तर एका रविवारी सकाळी काकू झाडू घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या खोक्यातून भुसा गळतोय. तीन दिवस झाडतेय मी. आता एक तर ते राहील नाही तर मी."

खोकं म्हणजे स्पीकर. त्याच्यावर रंगाचे डबे ठेवून ठेवून बाळूकाका त्याला विसरलेही होते. डबे उतरवून पाहतात तो काय, सागवानाचा नुसता वरचा पापुद्रा शिल्लक, आतून वाळवीने सगळी इमारत पोखरलेली. जाळी काढली तर आतल्या कागदी शंकूची मऊ कड बोट लावताच चुरा होऊन खाली पडली. दादांचा स्पीकर आज कसा असेल ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. चकचकीत असणार, आठवड्यातून दोनदा पुसत असणार. आपल्या वाट्याची वस्तू आपण खाऊ घातली, तीही वाळवीला. त्यांना मनापासून लाज वाटली.

सोमवारी अर्धी रजा टाकून त्यांनी तो स्पीकर दुरुस्तीला नेला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा फक्त स्पीकर दुरुस्त करतो. स्पीकरच्या आत तारेची गुंडाळी असते, त्या कॉइलवरून लोक त्याला कॉइलवाला म्हणतात. दुकान एवढंच की गिऱ्हाईक आत आलं तर म्हाताऱ्याने पाय पोटाशी घ्यावेत. त्याने शंकू हातात घेतला, टिचकी मारली, कानाशी धरला आणि विचारलं, "दुसरा कुठे आहे?"

"दुसरा भावाकडे आहे."

"मग घेऊन या. मी एक करत नाही."

"अहो, माझा एकच आहे. मला एकच दुरुस्त करून हवाय."

"साहेब, हे जोडीत जन्मलेलं जनावर आहे," म्हातारा म्हणाला. "एकाची कड नवी, एकाची जुनी. एक जोरात ओढणार, दुसरा मागे राहणार. बैलांचं असतं तसंच. दोन्ही एकाच कागदाचे, एकाच दिवशी, एकाच हाताने करायचे असतात. पटत नसेल तर दुसरीकडे जा."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"कुठेच नाही. बाकीचे मेले सगळे," म्हातारा शांतपणे म्हणाला, आणि त्याने पाय पसरायला घेतले.

कोणीही चिडला असता. बाळूकाका मात्र दुकानाबाहेर पडले ते एखाद्या मुलाला बक्षीस मिळावं तसे. अकरा वर्षांत पहिल्यांदा दादांकडे काम निघालं होतं. आणि तेही तांत्रिक काम. भावनेचा त्यात संबंधच नव्हता.

"मग फोन करा," काकू म्हणाल्या.

"फोनवर गैरसमज होतात."

"वीस मिनिटांवर घर आहे, चालत जा."

"असं कागद नसताना कसं जायचं?" बाळूकाका म्हणाले आणि टेबलाशी बसले. त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय: वाटणीपत्रातील ध्वनिक्षेपक, नग एक, दुरुस्तीकामी तात्पुरत्या स्वरूपात उपलब्ध होणेबाबत.' खाली मुद्देसूद तीन परिच्छेद. शेवटी 'आपला विश्वासू' लिहून, ते खोडून 'तुझा' लिहिलं, मग तेही खोडून नुसती सही केली. काकूंनी तो कागद वाचला आणि काही न बोलता कणीक मळायला घेतली. त्या काही बोलल्या नाहीत की समजावं, बोलण्यापलीकडे गेलंय.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पोस्टाने, लांब लिफाफ्यातून, आणि उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक घातलेला. दादांनी तीन आक्षेप काढले होते. एक, 'तात्पुरत्या' म्हणजे किती दिवस ते स्पष्ट करावे. दोन, वाहतुकीत नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची? तीन, अर्जदाराचा स्वतःचा ध्वनिक्षेपक सद्यःस्थितीत कसा आहे, याबद्दल अर्जात मौन का?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दादांनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं होतं. बाळूकाकांनी पहिल्या दोन आक्षेपांना पानभर उत्तर दिलं आणि तिसऱ्याला 'वापरामुळे स्वाभाविक झीज' असं लिहिलं. वाळवीनेही एका अर्थी वापरच केला होता, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

असे सात कागद इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेल्यावर मंजुरी आली. ठरल्या दिवशी बाळूकाका रिक्षा घेऊन दादांच्या दारात उभे राहिले. जाताना त्यांनी नवा शर्ट घातला होता, आणि तो घातल्याबद्दल काकू हसल्या म्हणून काढून पुन्हा जुनाच घातला होता.

दादांनी दार उघडलं. "बरं आहे ना?"

"बरं आहे."

स्पीकर दाराशीच ठेवलेला होता, वर टॉवेल पांघरलेला. बाळूकाकांनी टॉवेल काढायला हात पुढे केला तर दादा म्हणाले, "राहू दे. धूळ बसते." पण रिक्षात चढवताना टॉवेल सरकला आणि दिसायचं ते दिसलं. वरची फळी मधोमध खचली होती. मागे उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "रोज त्याच्यावर बसून बूट घालतात ना. अकरा वर्षं झाली. सांगून दमले, भावजी."

दादा रिक्षाच्या चाकाकडे पाहत राहिले. बाळूकाकांनी टॉवेल नीट केला आणि म्हणाले, "काही नाही, वापरामुळे स्वाभाविक झीज." त्या क्षणी दादांनी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यात अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं होतं. पण लगेच त्यांनी पावतीची दोन प्रतींत मागणी केली, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

कॉइलवाल्याने दोन्ही शंकू ठेवून घेतले आणि पेट्या परत दिल्या. "या सरणात घाला," तो म्हणाला. "नवीन पेट्या करा. फक्त आतली हवा जुन्याइतकीच ठेवायची. वाटीभर जास्त नाही, वाटीभर कमी नाही. आवाज त्या हवेचा असतो, लाकडाचा नाही."

आता पेटीतली हवा मोजायची कशी? लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार शाळेतला मुलगाही करेल. पण आत आडव्या पट्ट्या, तिरके टेकू, डिंकाचे गोळे. बाळूकाकांसारख्या आरेखकाला अंदाज म्हणजे शिवी. त्यांनी ठरवलं, पेटीत कोरडी रेती भरायची आणि किती मापं बसतात ते मोजायचं. समोरच्या बांधकामावरून ते आठ-दहा बादल्या रेती मागून घेऊन आले. माप काकूंच्या स्वयंपाकघरातलं, त्यांना न विचारता घेतलेलं.

पहिली पेटी स्वतःची घेतली. अठरा मापं आत गेली तरी पेटी भरेना. एकोणिसाव्याला पायाखाली काहीतरी सरकलं म्हणून पाहतात तर वाळवीच्या भोकांतून चौदा मापं जमिनीवर, आणि काही उंबऱ्याबाहेर जिन्यात. मग दादांची पेटी घेतली. ती गळत नव्हती, पण वरची फळी खचलेली, म्हणजे दादा जेवढे बसले तेवढी हवा कमी. तो खड्डा वेगळा मोजून बेरजेत धरावा लागला. बाळूकाकांनी वहीत सरळ नोंद केली: 'अधिक दादा, पाऊण माप.'

हे होईपर्यंत जिन्यातली रेती खालच्या मजल्यावर पोचली होती. खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहतात. या गृहस्थांना बायको-मुलांपेक्षा नियमावली जास्त तोंडपाठ आहे. रेती वर जाते म्हणजे भिंत उभी राहते, एवढा सरळ हिशोब त्यांनी केला, आणि संध्याकाळच्या आत बाळूकाकांच्या हातात नोटीस पडली: विनापरवाना बांधकाम तत्काळ थांबवावे.

तेहतीस वर्षं बाळूकाकांनी हीच नोटीस लोकांना पाठवायला मदत केली होती. मजकूर शब्द न् शब्द ओळखीचा होता. आपल्याच घरच्या मांजराने बोचकारावं तसं त्यांना झालं. "अहो, स्पीकर आहे तो," ते म्हणाले.

"असेल," सेक्रेटरी म्हणाले. "नकाशा सादर करा."

नकाशा हा शब्द बाळूकाकांसमोर उच्चारायचा नसतो. पुढचे दहा दिवस ते ऑफिसातून येत आणि टेबलावर ओणवे होत. समोरून, बाजूने, वरून, मधून कापून, कोपऱ्याचा सांधा मोठा करून, असे सात नकाशे झाले. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर पेटीत मधोमध न ठेवता आतल्या बाजूला सरकवायचा असतो. म्हणजे डाव्या पेटीत उजवीकडे आणि उजव्या पेटीत डावीकडे, आरशात पाहिल्यासारखं. डाव्या पेटीचे सातही नकाशे त्यांनी जीव ओतून काढले. उजवीचा कागद घेतला तेव्हा पाठ मोडून आली होती. खात्यात अशा वेळी जे लिहितात तेच त्यांच्या हातून लिहिलं गेलं: 'उजवा, वरीलप्रमाणे.'

समितीची बैठक झाली. तीन सदस्य, एक नकाशा, चहा. सेक्रेटरींनी मापं वाचली. "चारशे बाय तीनशे पन्नास. एवढी जागा आहे कुठे तुमच्याकडे?"

"ते मिलिमीटर आहेत."

"खिडक्या दोनच, त्याही गोल. हवा खेळती राहणार कशी?"

"हवा खेळायची नाही आहे. आत राहायची आहे."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तासाभराने परवानगी मिळाली, एका अटीवर: सदर बांधकामात कोणासही वास्तव्य करता येणार नाही. बाळूकाकांनी अट मान्य असल्याची सही केली. सही करताना ते हसले नाहीत, कारण खात्यातल्या माणसाला अशा जागी हसू येत नाही.

या सगळ्याची खबर दादांना जात होती. त्यांनीच दर आठवड्याला प्रगती अहवाल मागवला होता. बाळूकाका अहवाल पाठवत, दादा आक्षेप काढत. खचलेल्या फळीपोटी 'अधिक दादा, पाऊण माप' ही नोंद अपमानास्पद आहे, असा एक आक्षेप आला. त्याला बाळूकाकांनी उत्तर दिलं की ती नोंद तांत्रिक असून मूळ वजनावर आधारित आहे. त्यावर दादांनी आपलं सध्याचं वजन कळवलं, तीन किलो कमी झाल्याचं नमूद करून. ते पत्र बाळूकाका दोनदा वाचून बसले. "दादाचं वजन कमी झालंय," ते काकूंना म्हणाले. "डायबेटिस तर नसेल?" आणि पुढच्या अहवालात, सांध्याच्या मापांखाली, साखर तपासून घ्यावी असं त्यांनी कंसात सुचवलं.

मग सुतार आला. त्याने सात नकाशांची गुंडाळी पाहिली आणि ती उघडली नाही. "नकाशा राहू दे, उंची सांगा. दार कुठल्या बाजूला?"

"दार नाही."

"मग आत सामान ठेवणार कसं?"

"आत काही ठेवायचं नाही."

सुताराने बाळूकाकांकडे, मग काकूंकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला कपाट हवंय ना?" काकू म्हणाल्या, "मला विचारू नका, मला या घरात कोणी विचारत नाही." शेवटी बाळूकाका त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि एकेक नकाशा वाचून दाखवला. सुतार हुशार होता. एकदा समजल्यावर त्याने कागदाबाहेर एक खिळा मारला नाही. सांधे असे बसवले की नख जाऊ नये. आणि दुसऱ्या पेटीचा कागद आला तेव्हा त्याने तोही इमानेइतबारे वाचला. वरीलप्रमाणे. त्याने वरीलप्रमाणे केलं.

दोन्ही पेट्या शेजारी उभ्या केल्या तेव्हा बाळूकाकांनी नकाशा पुन्हा उघडून पाहिला. दोन्ही डाव्या होत्या. सूतभर फरक नाही.

"तुम्ही लिहिलंय तेच केलंय," सुतार म्हणाला, आणि हेच सर्वांत लागलं. तेहतीस वर्षांत एका कागदावर चूक नाही, आणि घरच्या कामात ही. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुन्हा पेटी करायची तर लाकूड संपलेलं, सुतार दुसऱ्या कामावर गेलेला. कॉइलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "डावं-उजवं कानाला कळत नाही हो, डोळ्याला कळतं. लावून ऐका." त्याचं काम केव्हाच झालं होतं. शंकू पेट्यांत बसवायला तो स्वतः आला, एकदा टिचकी मारून निघून गेला.

म्हणजे आता फक्त पॉलिश राहिलं. आणि इथे बाळूकाकांचं घोडं जे अडलं ते सुटेना. एक छटा फार तांबूस. दुसरी फार काळपट. तिसरी चांगली होती, पण दुपारच्या उन्हात वेगळी दिसते म्हणून ती खरवडली. महिना गेला, पत्रांचा आकडा तेवीसवर गेला.

"अहो," काकू एके दिवशी म्हणाल्या, "तुम्ही हे मुद्दाम लांबवताय."

"मी?" बाळूकाका संतापले. "मी लांबवतोय? माझ्या कामाबद्दल आजवर कोणी असं बोललेलं नाही."

"काम झालं की पेटी परत द्यायची. पावती घ्यायची. मग पत्र यायचं बंद."

बाळूकाकांनी ब्रश खाली ठेवला. इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांनी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. "मग काय करू मी?" ते म्हणाले. काकूंना त्यांची दया आली, आणि दया आली की त्या कामाला लागतात. त्यांनी फोन उचलून सरळ वहिनींना लावला.

"इकडे काही वेगळं नाही," वहिनी म्हणाल्या. "पोस्टमन दिसला की चष्मा पुसायला घेतात. काल आक्षेप सुचेना म्हणून सकाळपासून बसून होते. शेवटी काय लिहिलं माहितीये? स्क्रूच्या खाचा एकाच दिशेला का नाहीत. आणि बूट आता जमिनीवर बसून घालतात. शेजारी खुर्ची आहे, तरी."

दोघी जावांनी दोन मिनिटांत ठरवून टाकलं. येत्या रविवारी चार वाजता अंतिम तपासणी आणि हस्तांतरण. दोन्ही खात्यांना तोंडी कळवण्यात आलं.

रविवारी चाराला पाच मिनिटं असताना दादा आले. हातांत चादरीत गुंडाळलेलं तबकडीचं यंत्र, खिशात पावतीच्या दोन प्रती, मागे वहिनी. आत आल्या आल्या त्यांनी पेट्यांभोवती एक फेरी मारली. वाकून सांधे पाहिले. मग सरळ उभे राहिले.

"दोन्ही डावे आहेत."

"हो."

"'वरीलप्रमाणे' लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग सुताराची चूक नाही."

"नाही, दादा. माझी आहे."

दादांनी मान हलवली. बाळूकाकांनी अँप्लिफायर पुढे ओढला, दादांनी यंत्राची तार काढून दिली. कोणती तार कुठे, हे अकरा वर्षांनीही दोघांच्या हातांना आठवत होतं. वडिलांच्या संचातली एक तबकडी दादा घेऊन आले होते. सुई टेकली, आणि वाद्यं वाजू लागली. तबला स्पष्ट, हार्मोनियम स्पष्ट. बराच वेळ नुसती वाद्यंच वाजत राहिली.

"गाणारा कुठे आहे?" दादांनी विचारलं.

बाळूकाकांनी मागे जाऊन पाहिलं. दुसऱ्या पेटीची तार लावायचीच राहिली होती. ती लावली, आणि मागची भिंत बाजूला सरकावी तसा तो आवाज खोलीत आला. जुन्या ध्वनिमुद्रणाची रीतच ती, वाद्यं एकीकडे आणि गळा दुसरीकडे. एकाच पेटीवर ऐकलं असतं तर एका घरात जन्मभर ठेका वाजला असता आणि दुसऱ्या घरात ठेक्याशिवाय गाणं.

वडिलांच्या वेळी गाणं सुरू असताना बोलायची मुभा नव्हती, आणि ती अजून कोणी दिली नव्हती. दादा डोळे मिटून बसले होते. बाळूकाका त्यांच्याकडे पाहत होते. दादांचे गाल खरंच बसले होते, मान बारीक झाली होती. अकरा वर्षं आपण याला नीट पाहिलं नाही, हे त्यांना आत्ता कळलं. बाजू संपली. सुई नुसतीच खरखरत राहिली तेव्हा काकूंनी जाऊन ती उचलली.

चहा झाला. मग दादांनी खिशातून पावती काढली, पेनाचं टोपण काढलं, आणि मोठ्याने वाचलं. "'माझ्या मालकीचा ध्वनिक्षेपक, नग एक, सुस्थितीत परत मिळाला.' ठीक आहे." पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. "पण माझा कोणता?"

सगळ्यांनी पेट्यांकडे पाहिलं.

"माझा डावा होता," दादा म्हणाले. "इथे दोन्ही डावे आहेत. ओळख पटल्याशिवाय ताबा घेता येत नाही. नियमच आहे तसा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऐकून ऐकूनच ठरवावं लागेल. आज काही अंदाज आला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा यावं लागेल मला."

"किती रविवार लागतील?" वहिनींनी विचारलं.

"ते आताच सांगता येणार नाही. गुंतागुंतीचं प्रकरण आहे."

वहिनींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. प्रकरण असं सुखरूप मार्गी लागलं होतं, आणि कोणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण बाळूकाका सरळ माणूस. भावाची वस्तू आपल्याकडे राहते आणि आपल्याला ती कोणती हे माहीत असून आपण बोलत नाही, हे त्यांच्याने होईना. त्यांनी चहाचा रिकामा कप बाजूला सारला आणि ते म्हणाले, "दादा, खिडकीकडचा तुझा आहे. कॉइलवाल्याने चुंबकाच्या मागे लाल रंगाची खूण केलीय. मागची फळी काढली की दिसेल."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

दादा बाळूकाकांकडे पाहत राहिले. लहानपणी काचेची बरणी फोडून स्वतःच जाऊन वडिलांना सांगणाऱ्या धाकट्या भावाकडे त्यांनी असंच पाहिलं असेल.

"तुला विचारलं कोणी?" ते म्हणाले.

दादांनी पेनाला टोपण लावलं. पावतीची घडी केली, घडीची घडी केली, आणि ती वरच्या खिशात ठेवून दिली. मग खुर्ची जराशी पुढे ओढली.

"दुसरी बाजू लाव," ते म्हणाले.

बाळूकाका उठले. त्यांनी तबकडी उलटली. सुई ठेवतानाही ते दादांकडेच पाहत होते, त्यामुळे ती कडेला टेकायच्या ऐवजी आत घसरली आणि गाणं पहिली ओळ सोडून मधूनच सुरू झालं. हे दादांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आक्षेप घेतला नाही.